लॅक्सटनची तीन शेते : इंग्लंडहून अण्णांना पत्र

नेवार्क, नॉटिंगहॅमशायर, इंग्लंड
डिसेंबरचा पहिला आठवडा

तीर्थरूप अण्णा आणि सौ. आई यांस शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

आपले पत्र पोहोचले. भातकापणी वेळेत आटोपली हे वाचून बरे वाटले. आम्ही येथे सर्व जण खुशाल आहोत. थंडी वाढली आहे आणि दुपारी चारच्या सुमारास दिवस मावळतो, पण आता त्याची सवय झाली आहे.

इंग्लंडमधले खेडे आतून कसे असते, तिथली जमीन कोणाची असते, दप्तर कोण सांभाळतो आणि बांधावरून तंटा झाला तर तो कोणाकडे जातो, असे आपण विचारले होते. साऱ्या देशातल्या खेड्यांविषयी मोघम लिहिण्यापेक्षा मला थोडेफार समजलेल्या एकाच गावाविषयी नीट लिहावे असे ठरवले. त्या गावाचे नाव लॅक्सटन. आमच्या नेवार्कहून ते मोटारीने अर्ध्या तासाच्या आत येते. मूरहाउस नावाची शेजारची छोटी वाडी धरली तरी लोकवस्ती दोन-अडीचशेच्या घरातली. रस्त्याने जाणाऱ्या परक्या माणसाला त्यात विशेष काही दिसणार नाही. एक चर्च, एक खानावळवजा दारूचे दुकान, लाल विटांची घरे आणि त्यांच्यामागे धान्याची कोठारे, एवढाच पसारा. मात्र ज्या पद्धतीने मध्ययुगात निम्म्याहून अधिक इंग्लंड शेती करीत असे, ती सामायिक शेतांची पद्धत आणि तिचा कारभार पाहणारी गावसभा ही दोन्ही एकत्र टिकून राहिलेले गाव इंग्लंडमध्ये हे एवढेच आहे.

घरांची मांडणी पाहिली की गावाचा स्वभाव लक्षात येतो. जुनी शेतघरे रस्त्याकडे आपली कड करून उभी आहेत, त्यांच्या बाजूने अंगणात शिरायची वाट आहे आणि मागे अरुंद, लांबट परसे आहेत. इंग्लंडच्या इतर भागांत शेतकऱ्याचे घर बहुधा त्याच्या शेताच्या मधोमध, एकटे असते. लॅक्सटनचे शेतकरी गावातच, एकमेकांच्या शेजारी राहतात, कारण त्यांची जमीन एका जागी नव्हतीच. ती तिन्ही दिशांना पट्ट्यापट्ट्यांनी विखुरलेली होती आणि बऱ्याच अंशी आजही आहे.

गावाचा लेखी इतिहास १०८६ पासून सुरू होतो. नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकल्यावर वीस वर्षांनी साऱ्या राज्याची जी पाहणी करवली, त्या डूम्सडे दप्तरात लॅक्सटनची नोंद आहे. नॉर्मन येण्यापूर्वी ही जमीन टोकी नावाच्या माणसाकडे होती आणि पाहणीच्या वेळी ती जेफ्री ॲल्सलिन या नॉर्मन सरदाराकडे गेलेली होती. पुढे इथल्या धन्यांकडे शेरवूडच्या राजवनाची राखण वंशपरंपरेने आली आणि त्यामुळे या आडगावाला मोठे महत्त्व प्राप्त झाले. गावाच्या उत्तरेला त्या काळच्या गढीचा मातीचा प्रचंड उंचवटा अजून शाबूत आहे. त्यावर एक दगडही उरलेला नाही, सगळीकडे गवत आहे आणि मेंढ्या चरतात, तरी खंदकाची खोली पाहिल्यावर हे काम किती माणसांच्या पाठीवर झाले असेल याची कल्पना येते.

धन्यांपैकी एव्हरिंगहॅम घराणे चर्चमध्ये विसावलेले आहे. चर्च संत मायकेल या देवदूताच्या नावाने आहे. आत चौदाव्या शतकातल्या एका एव्हरिंगहॅम सरदाराची निजलेली दगडी प्रतिमा आहे, त्याच्याजवळ त्याच्या दोन बायकांच्या प्रतिमा आहेत, आणि त्यांतली दुसरीची प्रतिमा लाकडाची आहे. अशा लाकडी प्रतिमा एकेकाळी पुष्कळ असत, परंतु लाकूडकिडीने, आगीने आणि धर्मसुधारणेच्या काळातल्या मोडतोडीने बहुतेक नाहीशा झाल्या. या काउंटीत मध्ययुगातली अशी ही एकच उरली आहे. चेहरा झिजलेला आहे, पण हात जोडलेले स्पष्ट दिसतात. एका सामान्य खेड्यातल्या चर्चच्या कोपऱ्यात, काचेच्या पेटीशिवाय, सातशे वर्षांचे ते लाकूड पडून आहे हे पाहून मी बराच वेळ तिथून हलले नाही.

इथे आपल्याला एक गोष्ट सांगणे जरूर आहे, नाहीतर पुढचे नीट कळणार नाही. त्या काळच्या माणसावर दोन सत्ता एकाच वेळी चालत. एक पॅरिशची, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत राहणाऱ्या लोकांची, आणि दुसरी मॅनरची, म्हणजे एका जमीनदाराच्या मालकीच्या हद्दीची. आत्मा, लग्न, मर्तिक आणि धान्याचा दहावा हिस्सा यांचा संबंध पॅरिशशी असे. जमीन, खंड, बांध आणि गुरे यांचा संबंध मॅनरशी असे. आठव्या हेन्री राजाचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने १५३८ मध्ये हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची वही ठेवावी. अनेक गावांत इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे दप्तर तेच ठरले आहे, कारण ज्याच्या नावावर वीतभरही जमीन नव्हती अशा मजुराचेही नाव त्यात तीनदा तरी येते. १६०१ च्या कायद्याने गरिबांना पोसण्याची जबाबदारीही पॅरिशवर टाकली आणि त्यासाठी गावातल्या जमीनधारकांकडून कर घेतला जाऊ लागला. १८३६ मध्ये दशमांश धान्याऐवजी रोकड घेण्याचा कायदा झाला आणि १८९४ मध्ये निवडून आलेली पॅरिश कौन्सिले आली. आपल्याकडच्या ग्रामपंचायतीला जवळची म्हणता येईल अशी संस्था ती हीच. लॅक्सटनला या साऱ्या गोष्टी इतर गावांसारख्याच लागू झाल्या. त्याचे वेगळेपण आहे ते मॅनरच्या बाजूला.

आता शेतीविषयी लिहिते, कारण आपल्याला त्यातच अधिक रस वाटेल. गावाची नांगरट तीन मोठ्या शेतांत होती आणि आहे: वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड. पूर्वी ईस्ट फील्ड नावाचे चौथेही होते. एक शेत म्हणजे शेकडो एकरांचे सलग, आतून कुंपण नसलेले रान, आणि त्यात अनेक शेतकऱ्यांचे लांब, अरुंद पट्टे. कोणाचेही सगळे पट्टे शेजारी शेजारी नसत. चांगल्या मातीतला एक, पाणथळातला एक, उतारावरचा एक, अशी प्रत्येकाची विभागणी असे, म्हणून एका ठिकाणी पीक बुडाले तरी दुसरीकडे काही हाती लागे. इथली माती लाल आणि जड चिकणी आहे. आठ बैलांचा नांगर त्यात वळवणे अवघड होते, त्यामुळे तास लांब आणि वळणे कमी, असा पट्ट्याचा आकार ठरला. नांगरताना माती मधल्या रेषेकडे पलटत गेल्याने शतकानुशतकांत पट्ट्याच्या मध्याला उंचवटा आणि कडेला चर तयार झाला, आणि तोच पावसाच्या पाण्याचा निचरा करू लागला. जी जुनी नांगरट पुढे कुरणात बदलली, तिथे गवताखाली त्या लाटा अजून दिसतात. हिवाळ्यातले ऊन तिरपे पडते तेव्हा त्या स्पष्ट उमटतात, आणि चालताना पायालाही एक चढ, एक उतार असे जाणवत राहते.

तिन्ही शेते एकाच चक्राने फिरतात. एका शेतात पावसाळी हिवाळ्याच्या तोंडावर गहू पेरला जातो, दुसऱ्यात वसंतात पेरायचे पीक, म्हणजे बार्ली किंवा कडधान्य, आणि तिसरे पड असते. पुढच्या वर्षी गव्हाचे शेत वसंतातल्या पिकाचे होते, त्यानंतरच्या वर्षी पड, आणि मग पुन्हा गहू. पडीला जमीन विसावते, तण मारता येते आणि गुरांचे शेण जागच्या जागी पडते. गेल्या शतकाच्या उत्तरार्धापासून तिसऱ्या वर्षी मोकळी पड ठेवण्याऐवजी गवत-चारा घेण्याची मुभा आहे, परंतु चक्र तेच राहिले आहे. यात एक अट आपोआप येते. शेजाऱ्याने गहू पेरला असता मला माझ्या पट्ट्यात दुसरे काही घेता येत नाही, कारण कापणी झाल्यावर सारे शेत एकदम गुरांना मोकळे व्हायचे असते. एकाने हट्ट केला तर बाकी सर्वांचा चरण्याचा हक्क अडतो. म्हणून काय पेरायचे, केव्हा पेरायचे आणि गुरे केव्हा सोडायची हे ठरवायला गावाला एकत्र बसावेच लागे.

नांगराला न जमणारे ओढ्याकाठचे आणि खोलगट भाग गवताचे म्हणून राखलेले असतात. त्यांना इथे साइक म्हणतात. त्यांतले गवत उन्हाळ्यात लिलावाने विकले जाते आणि येणारे पैसे हक्कदारांत वाटले जातात. कित्येक शतके या पट्ट्यांना नांगर लागलेला नसल्यामुळे त्यांत जी रानफुले टिकली ती आसपासच्या शेतांतून केव्हाच गेली आहेत, आणि त्या कारणाने शास्त्रीय महत्त्वाची जागा म्हणून या साइकांना सरकारी संरक्षण मिळालेले आहे.

या गावाचा सर्वांत मोठा ठेवा गावात नाही, तो ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. १६३५ मध्ये मार्क पिअर्स नावाच्या मोजणीदाराने लॅक्सटनचा नकाशा काढला. त्यात प्रत्येक शेत, त्यातला प्रत्येक पट्टा, प्रत्येक घर आणि परसू दाखवलेले आहे, आणि सोबतच्या वहीत कोणता पट्टा कोणाकडे आहे हे लिहिलेले आहे. गावनकाशा आणि सगळ्या गावाचे सात-बारा एका जागी शिवून ठेवावेत तसे ते काम आहे. मोजणीदाराने रिकाम्या जागांत चित्रेही काढली आहेत: कोणी नांगरतो आहे, कोणी कापणी करतो आहे, शिकारीला घोडे आणि कुत्री धावत आहेत. त्याची छापील प्रत मी गावातल्या माहिती-केंद्रात पाहिली. नकाशावरच्या एका वळणावर बोट ठेवून बाहेर आले आणि त्याच वळणावर जाऊन उभी राहिले. रस्ता, उतार आणि शेताची कड ही तिन्ही होती तिथेच आहेत.

हा नकाशा करवून घेणाऱ्या माणसाविषयी वाचताना मला आपल्या राजापूरची आठवण झाली, आणि हे पत्र लिहायला तेही एक कारण आहे. त्याचे नाव सर विल्यम कोर्टीन. फ्लँडर्समधून धर्मच्छळामुळे आलेल्या कुटुंबात तो जन्मला, लंडनमध्ये कापडाच्या व्यापारात अमाप श्रीमंत झाला आणि पहिला जेम्स व पहिला चार्ल्स या दोन्ही राजांना त्याने मोठाली कर्जे दिली. लॅक्सटन त्याने विकत घेतले ते उत्पन्नाचे साधन म्हणून, आणि खंड नीट वसूल व्हावा, वाढवता यावा, यासाठी मोजणी करवली. ज्या वर्षी हा नकाशा पुरा झाला त्याच १६३५ सालच्या डिसेंबरात राजा चार्ल्सने त्याच्या मंडळीला पूर्वेकडे व्यापार करण्याचा परवाना दिला. ईस्ट इंडिया कंपनीला हा उघड शह होता. १६३६ च्या एप्रिलमध्ये कॅप्टन जॉन वेडेल याची गलबते निघाली आणि ऑक्टोबरात गोव्याला पोहोचली. कोर्टीन स्वतः त्याच वर्षी वारला, पण त्याच्या मुलाने उद्योग पुढे चालवला, आणि या मंडळीच्या माणसांनी कारवार, भटकळ आणि राजापूर या बंदरांत व्यापार मांडला. शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये राजापूरची जी इंग्रजांची वखार लुटली ती ईस्ट इंडिया कंपनीची होती. कोर्टीनची माणसे त्याच्या सुमारे दोन तपे आधीची. लॅक्सटनच्या कुळांकडून जमणारा खंड आणि आपल्या खाडीतून जाणारी मिरी ही दोन्ही काही काळ एकाच घराच्या हिशेबात होती, या गोष्टीचा विचार करताना मला आपले गाव आणि हे गाव यांच्यातले अंतर वेगळेच वाटू लागले. कोर्टीनच्या मुलाच्या हातून तो सारा डोलारा कोसळला आणि लॅक्सटन पियरपॉन्ट घराण्याकडे गेले. जवळच्या थोर्सबीच्या या घराण्याला पुढे अर्ल मॅनव्हर्स ही पदवी मिळाली.

त्यानंतरच्या काळात इंग्लंडभर जे घडले ते आपण शाळेत कदाचित एका ओळीत शिकवले असेल. सामायिक शेते आणि चराऊ राने मोडून त्यांचे सलग, कुंपणबंद तुकडे करायचे आणि ते एकेकाच्या नावावर करायचे, याला इथे एन्क्लोजर म्हणतात. काही ठिकाणी ते आपसांत झाले, पण अठराव्या शतकाच्या मध्यापासून पार्लमेंटकडून कायदा करून घेण्याची रीत पडली. १६०४ ते १९१४ या काळात असे ५,२०० हून अधिक कायदे झाले आणि त्यांनी सुमारे ६८ लाख एकर, म्हणजे इंग्लंडच्या भूमीच्या पाचव्या हिश्शाहून जास्त जमीन कुंपणात आली. विखुरलेले पट्टे म्हणजे वेळेचा अपव्यय, सामायिक चराई म्हणजे रोगराई, आणि सर्वांनी एकच पीक घ्यायचे म्हणजे सुधारणेला अटकाव, असा पुरस्कर्त्यांचा युक्तिवाद होता. त्यात तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. आपल्याकडच्या १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्यामागेही हाच विचार आहे. परंतु ज्याच्याकडे दोन पट्टे आणि रानात एक गाय चारण्याचा हक्क एवढेच होते, त्याच्या वाट्याला कुंपण घालण्याचा खर्चही न परवडणारा एक लहानसा तुकडा आला आणि तो त्याने विकला. आर्थर यंग हा शेतीविषयक लेखक सुरुवातीला एन्क्लोजरचा मोठा कैवारी होता. खेडोपाडी फिरून गरिबांच्या गायी गेलेल्या पाहिल्यावर १८०१ मध्ये त्यानेच लिहून मागणी केली की पडीक रानांतून गरिबांना जमीन द्यावी. त्याच्या म्हणण्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

लॅक्सटन यातून वाचले ते कोणी थोर विचाराने वाचवले म्हणून नव्हे. पॅरिशमधली जमीन मुख्यतः दोन मोठ्या घराण्यांत वाटलेली होती आणि त्यांचे आपसांत जमेना. अदलाबदल आणि कुंपणे यांची बोलणी पिढ्यानुपिढ्या होत राहिली, काही भाग कुंपणात गेलाही, आणि अखेर मार्ग मोकळा झाला तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची शेतीची मंदी सुरू झाली होती. त्या वेळी शेकडो एकरांना कुंपण घालण्याचा खर्च करायला कोणी धजावेना. विसाव्या शतकाच्या आरंभी अर्ल मॅनव्हर्सच्या जमीनदारीने फक्त फार बारीक झालेले पट्टे एकत्र करून त्यांची रुंदी वाढवली, त्यामुळे आजचे पट्टे नकाशातल्यापेक्षा पुष्कळ मोठे आहेत. तिन्ही शेते मिळून आता सुमारे ४८० एकर उरली आहेत.

यापुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शेते टिकली ती नकाशामुळे टिकली असे पाहुण्यांना वाटते, पण नकाशा ऑक्सफर्डला आहे आणि शेताची कड दर वर्षी नांगराच्या फाळाखाली असते. तिची राखण कोर्ट लीट करते. ही मॅनरची सभा आहे. जमीनदाराचा कारभारी तिच्या अध्यक्षस्थानी बसतो आणि गावातले शेतकरी ज्युरी म्हणून शपथ घेतात. नोव्हेंबरच्या अखेरच्या गुरुवारी ही ज्युरी त्या वर्षी गहू पेरलेल्या शेताची पाहणी करते आणि पुढच्या आठवड्यात गावातल्या डव्हकोट या खानावळीत सभा भरते. तिथे पाहणीत आढळलेले दोष वाचले जातात आणि दंड ठरतो.

गेल्या आठवड्यातली पाहणी मी रस्त्याच्या कडेला उभी राहून पाहिली. गम-बूट घातलेली मंडळी ट्रॅक्टरमागच्या गाडीतून उतरली. एकाच्या खांद्यावर लाकडी खुंट्यांचा भारा होता, दुसऱ्याच्या हातात मोठा मोगरा, म्हणजे खुंट्या ठोकायचा हातोडा. साइकची गवताची कड जिथे संपते आणि नांगरट जिथे सुरू होते, तिथे त्यांचा पुढारी एका टोकाला उभा राहिला, दुसरा दूरच्या टोकाला गेला, आणि दोघांनी नजरेने ओळ धरली. मधल्या माणसाने खुंटी ओळीत धरली, हाताच्या खुणेने ती जराशी डावीकडे, मग पुन्हा जराशी उजवीकडे सरकली, आणि मग मोगऱ्याचे घाव पडले. एके ठिकाणी नांगर गवतात साधारण हातभर शिरला होता. सगळे तिथे थांबले, वाकून पाहिले, एक जण बुटाच्या टाचेने माती उकरून जुनी कड शोधू लागला. आवाज चढला नाही. कोणीतरी वहीत नोंद केली आणि गाडी पुढे निघाली. ज्याच्या पट्ट्याची ती नोंद झाली तो गृहस्थ त्याच घोळक्यात असण्याचा संभव आहे, कारण शेतकरी मोजकेच आहेत आणि आज ज्युरीत बसणारा उद्या त्याच ज्युरीसमोर दोषी ठरू शकतो.

दंडाची रक्कम अगदी किरकोळ असते. पण बांध कोरला म्हणून आपले नाव शेजाऱ्यांसमोर, त्यांच्याच तोंडून वाचले जाणे ही गोष्ट किरकोळ नाही. अण्णा, आपल्या खालच्या मळ्याच्या बांधाचा दावा किती वर्षे चालला, त्यात किती तारखा पडल्या आणि दोन चुलत घरांतले येणे-जाणे कसे थांबले हे मी लहानपणी पाहिले आहे. बांध दर वर्षी थोडा थोडा सरकतो आणि तो सरकताना कोणी काही बोलत नाही. बोलायची वेळ येते तोवर दोन्हीकडच्या माणसांना आपलेच खरे वाटू लागलेले असते. गव्हाची पाळी दर तीन वर्षांनी प्रत्येक शेतावर येते, म्हणून लॅक्सटनच्या माणसांनी या सरकण्याला तीन वर्षांहून जास्त अवधी मिळू दिला नाही. मला त्यांच्या पद्धतीत सर्वांत मोलाचे वाटते ते हे, आणि त्यासाठी त्यांना वकील, मोजणीदार किंवा कोर्टाची फी लागत नाही.

याच सभेने पूर्वी मोकाट गुरे धरणारा माणूसही नेमलेला असे. धरलेली गुरे कोंडवाड्यात घालायची आणि दंड भरल्यावर मालकाला परत द्यायची, असे त्याचे काम. गावातला तो कोंडवाडा दुरुस्त करून राखलेला आहे.

अशा सभा एकेकाळी इंग्लंडच्या जवळजवळ प्रत्येक मॅनरला होत्या. पुढे त्यांचे अधिकार इतर न्यायालयांकडे गेले आणि १९७७ च्या कायद्याने उरल्यासुरल्या सभांची न्यायाची सत्ता काढून घेतली. त्या कायद्यात अपवाद म्हणून ज्यांची नावे आहेत त्यांत लॅक्सटनचे कोर्ट लीट आहे. म्हणजे सध्या जी सभा भरते ती पाहुण्यांसाठी केलेला देखावा नाही, तिचा निर्णय त्या शेतांपुरता कायदेशीर आहे.

हे सर्व वाचून तिथे पूर्वी रामराज्य होते असा समज कृपया करून घेऊ नये. पट्टे बहुतांशी कुळांचे होते आणि मालकी धन्याची होती. सभाही धन्याच्या नावानेच भरे, दंडाचा पैसा त्याच्याकडे जाई आणि ज्याच्याकडे एकही पट्टा नव्हता त्या मजुराला तिथे बोलायला जागा नव्हती. स्त्रियांची नावे दप्तरात येतात ती बहुधा विधवा म्हणून, नवऱ्याचे पट्टे चालवत असताना. त्या लाकडी प्रतिमेतल्या बाईलाही चर्चमध्ये जागा मिळाली ती सरदाराची पत्नी म्हणून. तरीसुद्धा धन्याला जे एकट्याने करता येत नव्हते, ते म्हणजे कड कुठे होती हे आठवणे, आणि ते काम गावाच्या हाती राहिले.

सहाव्या अर्ल मॅनव्हर्सने १९५२ मध्ये हे गाव शेती मंत्रालयाला विकले, या उद्देशाने की सामायिक शेतांची पद्धत मोडली जाऊ नये. १९८१ मध्ये ते राजसंपत्तीचा कारभार पाहणाऱ्या क्राउन इस्टेटकडे आले. २०२० मध्ये क्राउन इस्टेटने ते थोर्सबीच्या जमीनदारीला विकले, म्हणजे ज्या पियरपॉन्ट घराण्याने ते मंत्रालयाला दिले होते त्याच्याच वारसांकडे ते परत गेले. मालकाचे नाव या ७० वर्षांत तीनदा बदलले आणि गव्हाच्या शेताची पाहणी नोव्हेंबरात होत राहिली. आता काळजी आहे ती माणसांची. पूर्वी पट्टे पुष्कळ घरांत वाटलेले असत, आता थोडक्या कुटुंबांकडे ते आहेत, यंत्रे मोठी झाली आहेत आणि त्यांना अरुंद पट्टा अडचणीचा होतो. शेतीवर घर चालवायचे तर पट्ट्यांशिवाय बाहेर कुंपणातली जमीनही कसावी लागते. तरुण मुले ही जबाबदारी पत्करतील तोवर ज्युरीला माणसे मिळतील.

नकाशाची लहान छापील प्रत या पत्रासोबत पाठवीत आहे. आपल्याला राजापूरला जाणे झाले तर तिथल्या जुन्या जाणत्या मंडळींना कोर्टीनच्या माणसांविषयी काही ऐकिवात आहे का, एवढे विचारून पाहावे. मी इकडे ऑक्सफर्डला मूळ नकाशा पाहण्याची परवानगी मागणार आहे. आईच्या गुडघ्यासाठी घेतलेले तेल वेगळ्या पार्सलने येत आहे. थंडीत पहाटे खळ्यात बसू नये.

काका-काकूंना सा. न., मुलांना अनेक आशीर्वाद. कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली
धाकटी